एक, तीन, चार, दोन

गेल्या सप्टेंबरात ऑक्सफर्डशायरमधल्या एका गावाबाहेरच्या मैदानावर जुन्या एमजी गाड्यांचा मेळा भरला होता. रात्री पाऊस पडून गेलेला असल्यामुळे गवत ओले होते आणि ओल्या गवताचा, तापलेल्या ऑइलचा आणि जवळच्या तंबूत परतल्या जाणाऱ्या कांद्याचा असा एक मिश्र वास सगळीकडे भरून राहिला होता. माझी गाडी ओळीत तिसरी होती. बॉनेट मी उघडे ठेवले होते, कारण अशा ठिकाणी ते बंद ठेवणे म्हणजे दाराशी आलेल्या पाहुण्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवण्यासारखे असते. लोक येत होते, आत डोकावत होते, इंजिन पाहून त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटत होते. कोणी किती अश्वशक्ती विचारत होते, कोणी गिअरबॉक्स कोणता बसवला म्हणून विचारत होते. अशा प्रश्नांची उत्तरे देताना माणसाला सुख होते, तसे ते मला होत होते.

दुपारच्या सुमारास एक वृद्ध गृहस्थ आले. ऐंशीच्या पुढचे असावेत. ॲबिंग्डनच्या एमजी कारखान्यात तो बंद होईपर्यंत आपण कामाला होतो, एवढेच त्यांनी स्वतःविषयी सांगितले. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. दोन्ही हात मागे बांधून त्यांनी आधी इंजिनाकडे पाहिले, मग वाकून, जिथून सायलेन्सरचे पाइप आतल्या पत्र्याला भोक पाडून बाहेर काढले आहेत, त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवले. मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारले, “जुने इंजिन बिघडले होते का?” मी म्हणालो, “नाही. चांगले चालत होते.” त्यांनी मान हलवली. बॉनेटचा दांडा काढून त्याच्या चिमट्यात बसवला, बॉनेट हळूच खाली घेतले आणि दोन्ही तळहातांनी दाबून बंद केले. गाडीवरून एकदा हात फिरवून ते पुढच्या गाडीकडे गेले.

त्या प्रश्नात टोमणा असता तर मी तो विसरून गेलो असतो.

गाडी १९७१ सालची एमजीबी जीटी आहे. मी ती घेतली तेव्हा तिच्यात जन्मापासूनचे १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन होते, बाजूला दोन एस.यू. कार्ब्युरेटर, वर पत्र्याचे रॉकर कव्हर. विकणाऱ्याच्या अंगणात त्याने गाडी चालू केली तेव्हा मी गाडीकडे पाहतच नव्हतो, मी ऐकत होतो. टॅपेटची ती शिलाई यंत्रासारखी टिकटिक, गॅस सोडल्यावर इंजिनाने टाकलेला तो जडसर सुस्कारा, आणि बंद करताना शेवटच्या फेऱ्याला बसणारा एक छोटासा हिसका. हा आवाज मला पाठ होता. इंग्लंडमध्ये येण्याच्या कितीतरी आधी, कोल्हापुरात मामाच्या टॅक्सीत पुढच्या सलग सीटवर मधोमध बसून मी तो शेकडो वेळा ऐकलेला होता. आपल्या पेट्रोल अँबॅसडरमधले १४८९ सीसीचे इंजिन आणि एमजीबीमधले इंजिन एकाच घराण्यातले आहेत, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीजची. त्याच १४८९ सीसीच्या इंजिनावर १९५५ साली एमजीए ही स्पोर्ट्स कार बाजारात आली होती. एकच घराणे, त्यातला एक भाऊ समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यांवर टपाशिवाय फिरला आणि दुसऱ्याने छपराच्या कॅरिअरवर वळकट्या आणि आंब्याच्या पेट्या लादून आंबा घाट चढला. त्या अंगणात मी भावही केला नाही.

तरीही तेच इंजिन मी काढले, आणि का काढले ते मला नीट सांगितले पाहिजे. माझे घर वॉरिकजवळ आहे. कामानिमित्त लंडनला जाताना एम-४० रस्त्यावर ऑक्सफर्ड सोडल्यानंतर स्टोकनचर्चचा लांबच लांब चढ लागतो. डोंगर चुन्याच्या पांढऱ्या भिंतींत कापून रस्ता नेलेला आहे. माझ्या गाडीला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर, नव्हता. ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला जवळजवळ ४००० फेरे घेत असे, आणि चढ लागला की पाय पूर्ण दाबूनही काटा सावकाश खाली येत राही. मागून येणारी मालमोटार आरशात मोठी होत जाई. गाडीचा त्यात काही दोष नव्हता. १९६२ साली पहिल्यांदा बाजारात आलेली, कागदावर ९५ अश्वशक्तीची गाडी तिच्या काळच्या रस्त्यांवर पुरेशी चपळ होती. पण त्या चढावर दर वेळी माझ्या मनात एक आस उठे. एवढी सुंदर गाडी, एवढे नेमके स्टिअरिंग, वळणात एवढी विश्वासाने बसणारी, आणि हिच्या छातीत थोडे अधिक बळ असते तर? ही आस एकदा मनात शिरली की घरभर पसरते. रात्री जेवताना, ऑफिसच्या बैठकीत, मुलीला शाळेतून आणताना मी मनातल्या मनात मोजमापे घेत असे.

ही कल्पना माझी नव्हे, आणि त्याचेच मला बळ मिळाले. केंटमधल्या केन कॉस्टेलो या शर्यतीतल्या चालकाने १९७० च्या सुमारास एमजीबीमध्ये रोव्हरचे ३५२८ सीसीचे व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचे, इंजिन बसवून दाखवले आणि अशा गाड्या तो गिऱ्हाइकांना करून देऊ लागला. कार्ब्युरेटर बॉनेटला लागत होते म्हणून त्याच्या गाड्यांच्या बॉनेटवर एक उंचवटा असे. एमजी तेव्हा ज्या कंपनीकडे होती त्या ब्रिटिश लेलँडने त्याची गाडी मागवून पाहिली, आणि १९७३ च्या ऑगस्टमध्ये कारखान्याने स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ बाजारात आणली. ॲबिंग्डनच्या माणसांनी कार्ब्युरेटर मागे सरकवून बॉनेट सपाट ठेवले, एवढा त्यांचा नेटकेपणा. दोन महिन्यांत तेलसंकट कोसळले. १९७६ पर्यंत २५९१ गाड्या निघाल्या आणि काम थांबले. म्हणजे एका माणसाने आपल्या वर्कशॉपमध्ये केलेली अदलाबदल कारखान्याने उचलली आणि तीही ‘मूळ’ ठरली. मूळ या शब्दाचा अर्थ मी तेव्हा बराच काळ चघळत होतो, कारण मला हवे ते उत्तर त्यातून निघत होते.

आणि त्या व्ही-८ ची तरी मूळ जागा कोणती? अमेरिकेत १९६१ साली ब्युइकसाठी ते जन्माला आले, अख्खे ॲल्युमिनिअमचे. ओतकाम महाग पडले, अडचणी आल्या, आणि तीन वर्षांत जनरल मोटर्सने ते सोडून दिले. रोव्हरच्या अमेरिकेतल्या माणसाच्या ते योगायोगाने नजरेस पडले आणि १९६५ मध्ये रोव्हरने त्याचे हक्क घेतले. मग ते रोव्हरच्या मोठ्या सलून गाड्यांत गेले, १९७० पासून रेंज रोव्हरमध्ये गेले. माझ्या हाती आलेले इंजिन एका गंजून संपलेल्या रोव्हर एसडी-१ मधून निघालेले होते. ही एसडी-१ आपल्याकडेही आली होती हे जुन्या वाचकांना आठवेल: मद्रासला १९८५ ते १९८८ या काळात तयार झालेली ‘स्टँडर्ड २०००’ ती हीच. दसरा चौकात एकदा ती लांबडी, पाचरीसारख्या नाकाची गाडी उभी होती आणि आम्ही पोरे तिच्याभोवती गोळा झालो होतो. मामा मात्र आत वाकून म्हणाला होता, “अंग पैलवानाचं, काळीज कारकुनाचं.” भारतातल्या त्या गाडीत व्ही-८ नव्हतेच, जुन्या स्टँडर्ड व्हॅनगार्ड गाडीच्या वंशातले चार सिलिंडरचे १९९१ सीसीचे इंजिन त्यात घातलेले होते. त्या देखण्या गाडीची अदलाबदल कारखान्यानेच उलट्या दिशेने केली होती. एसडी-१ च्या सांगाड्यातून व्ही-८ उचलताना मला मामाचे ते वाक्य आठवले, आणि ते आठवले याचा आनंदही झाला.

इंजिन काढण्याचा दिवस नोव्हेंबरातला होता. एमजीबीचे इंजिन गिअरबॉक्ससकट काढलेले बरे पडते. आधी पाणी सोडले, ऑइल सोडले, रेडिएटर काढला, वायरींना चिठ्ठ्या बांधल्या, मग तिरप्या साखळीवर इंजिन तोललेले घेऊन एक हात हॉइस्टच्या दांड्यावर आणि एक हात रॉकर कव्हरवर ठेवून ते इंचाइंचाने वर घेतले. शेवटचा बोल्ट सुटल्यावर इंजिनाने साखळीवर एक छोटी गिरकी घेतली आणि गाडीचे नाक दोन इंच वर आले. आपल्या अंगावरून कोणी ओझे उतरवले की माणूस नकळत ताठ होतो, तशी ती गाडी ताठ झाली. रिकाम्या जागेत पन्नास वर्षांची काळी मऊ माती साठलेली होती. कोण्या जुन्या मालकाच्या हातून पडलेला एक पाना तिथे सापडला, तो मी धुऊन पेटीत ठेवला.

जे ऐकून लोक चकित होतात ते हे की आठ सिलिंडरचे ते इंजिन चार सिलिंडरच्या जुन्या इंजिनापेक्षा जड नाही. जुने सगळे बिडाचे, नवे ॲल्युमिनिअमचे. उलट थोडे हलकेच. म्हणूनच ही अदलाबदल जमते. एमजीनेच १९६७ साली या गाडीत तीन लिटरचे सहा सिलिंडरचे लोखंडी इंजिन घालून एमजीसी काढली होती. नाक जड झाले, वळणात गाडी हट्टी झाली आणि दोन वर्षांत ती बंद करावी लागली. त्यामुळे माझ्या गाडीची वळणातली ती नेमकी बैठक टिकेल अशी आशा होती, आणि ती टिकली. पण वजनाचे जमले म्हणजे सगळे जमले असे नसते. व्ही-८ रुंद असते. माझी गाडी क्रोम बंपरवाली, म्हणजे व्ही-८ साठी कारखान्याने आतली रचना बदलण्याच्या आधीची. उजवीकडे पाइप स्टिअरिंगच्या दांड्यावर येत होते, डावीकडे आतल्या पत्र्यावर. यावर एक चांगला उपाय आहे: १९९३ साली आलेल्या एमजी आरव्ही-८ मध्ये पाइप खाली न नेता चाकाच्या बाजूने, आतल्या पत्र्यातून बाहेर काढलेले होते, तसे पाइप आज तयार मिळतात. त्यासाठी गाडीच्या मूळ पत्र्याला दोन्ही बाजूंनी तळहाताएवढे भोक पाडावे लागते.

त्या भोकांपाशी मी दोन आठवडे थांबलो. तोवर केलेले सगळे परत करता येण्यासारखे होते. इंजिन उतरवता येते तसे पुन्हा चढवताही येते. वायर, नळ्या, कंस सगळे काढता येते. पत्रा कापल्यावर तो कापलेला राहतो. पुठ्ठ्याचा नमुना करून मी तो लावला, खडूने रेघ मारली, रेघ पुसली, पुन्हा मारली. शेवटी एका रविवारी सकाळी कडेकडेने ड्रिलची बारीक भोके पाडत गेलो आणि कानशीने मधले जोड तोडले. पत्र्याचा तो तुकडा माझ्या हातात पडला तेव्हा गरम होता. एका बाजूने वरचा निळा रंग, त्याखाली कोण्या मालकाचा लाल, त्याखाली अगदी मूळचा हिरवा. आणि कापलेल्या कडेला चांदीसारखा चकाकणारा, जन्मापासून उजेड न पाहिलेला पोलादी पत्रा. ते दोन्ही तुकडे तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून मी एका डब्यात ठेवले आहेत. त्या गृहस्थांचे बोट त्याच कडेवरून फिरले होते.

बाकीचे काम दोन हिवाळे चालले आणि त्यातले बरेचसे इंजिनाबाहेरचे होते. बळ वाढवले की ते झेलायला सगळी गाडी तयार करावी लागते. मागच्या ॲक्सलचे प्रमाण ३.९ चे ३.०७ करावे लागले, नाहीतर पहिला गिअर टाकेपर्यंत दुसऱ्याची वेळ यायची. पुढे जाड डिस्क आणि मोठे कॅलिपर लागले. एसडी-१ चा पाच गिअरचा बॉक्स बसावा म्हणून मधला बोगदा ठोकून रुंद करावा लागला. गल्लीतले एक निवृत्त वेल्डर त्यासाठी तीन शनिवार येत राहिले आणि चहाशिवाय काही घेत नसत. रेडिएटर नवा, पंखे नवे. दारांखालच्या पोकळ पट्ट्या, ज्यांच्यावर या गाडीचा सगळा कणा उभा असतो, त्या कापून नव्या घातल्या. पण ते काम जुन्या इंजिनासाठीही आज ना उद्या करावेच लागले असते.

पहिल्यांदा इंजिन चालू करण्याआधी या व्ही-८ ला एक गोष्ट करावी लागते, ती मला फार आवडली. ऑइलचा पंप पुढच्या झाकणात असतो आणि कोरडा असेल तर तो ऑइल ओढत नाही; म्हणून त्याच्या दातऱ्यांत व्हॅसलिन भरायचे. घरातली हिवाळ्यात ओठांना लावायची डबी घेऊन मी खाली गेलो आणि बोटाने ते लोण्यासारखे दातांत भरले. मग काटा वर येईपर्यंत प्लग काढून इंजिन नुसते फिरवले. कॅमशाफ्ट नवा असल्यामुळे चालू होताच २००० फेऱ्यांवर वीस मिनिटे सलग ठेवायचे असते, थांबू द्यायचे नसते. ते पकडले तेव्हा पाइपांवरचा रंग जळून पांढरा धूर झाला, डोळे चुरचुरले, आणि आवाज आधी कानाला नाही, छातीला लागला. पंचगंगेला पूर आला की शिवाजी पुलाखालून पाणी जाताना जे घुमते, त्याच्या सर्वांत जवळचा आवाज मी आयुष्यात हाच ऐकला. मुलगी कानांवर हात ठेवून दारात उभी होती आणि हसत होती. त्या वीस मिनिटांत मला कशाचीही खंत नव्हती, आणि आज मागे वळून ती तिथे चिकटवणे खोटेपणाचे होईल.

गाडी आता स्टोकनचर्चचा चढ पाचव्या गिअरमध्ये चढते. ७० मैलांना इंजिन २४०० च्या आसपास फिरते. पाय थोडा अधिक दाबला की ती कोणी पाठीला हात लावून पुढे सरकवावे तशी सरकते, त्यात हिसका नसतो, घाई नसते. कारखान्याच्या व्ही-८ चा पीळ (टॉर्क) जुन्या इंजिनाच्या जवळजवळ पावणेदोनपट होता, तोही २९०० फेऱ्यांनाच मिळणारा, आणि माझे इंजिन त्याच्यापेक्षा थोडे पुढे आहे. हे सगळे मला हवे होते आणि ते सगळे मला मिळाले. जे गेले ते मी मोजलेच नव्हते. जुन्या इंजिनाबरोबर मला सतत काम असे: चढ दिसला की आधीच वेग साठवायचा, गिअर वेळेवर खाली घ्यायचा, वळणात कमावलेला वेग उधळायचा नाही. गाडी आणि मी मिळून ते करत असू. आता चढ लागतो हेच कित्येकदा लक्षात येत नाही. चुन्याच्या त्या पांढऱ्या भिंती पूर्वी मी पायाने मोजत असे; आता त्या काचेबाहेरून निघून जातात.

त्या मेळ्यावरून परतताना मला मामाचे इंजिन आठवले.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. मामाची पेट्रोल अँबॅसडर दिवसाला दोन खेपा करत असे, आणि पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावातले अंतर वाढत चालले तसे एकेका टॅक्सीचे पेट्रोल इंजिन उतरत होते. उद्यमनगरात तेव्हा सकाळपासून घणांचा, लेथचा आवाज आणि भट्टीच्या वाळूचा वास असे. मामा गाडी घेऊन मेस्त्रींकडे गेला, मी बरोबर होतो. मेस्त्रींनी बॉनेट उघडले, गाडी चालू करायला लावली, डोळे मिटून दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाले, “इंजिनाला काय झालंया?”

मामा म्हणाला, “झालं काय न्हाई, मेस्त्री. परवडंना.”

मेस्त्रींनी पुढे काही विचारले नाही. चेन ब्लॉक आला, संध्याकाळपर्यंत इंजिन जमिनीवर आले, आणि आठ दिवसांत त्या जागी मॅटाडोरचे जुने डिझेल इंजिन बसले. आरसी बुकात नोंद झाली. गाडी थरथरू लागली, आरसा स्थिर राहीना, काचा वाजू लागल्या, मामीला मागे बसले की मळमळू लागले. पण घर चालले, मामेबहिणीची फी भरली गेली. उतरवलेले पेट्रोल इंजिन बरेच दिवस मामाच्या परसात गोणपाटाखाली पडून होते. मग एके दिवशी ते भंगारवाल्याने नेले, आणि त्या रात्री मामा जेवला नाही असे आजी सांगत असे. मामाने ते कधी मान्य केले नाही.

तीस-पस्तीस वर्षांच्या अंतराने, दोन देशांत, दोन कारखानदारीत मुरलेल्या माणसांनी एकाच घराण्यातल्या इंजिनाविषयी एकच प्रश्न विचारला. मामाजवळ दोन शब्दांत उत्तर होते. माझ्याजवळ ते नव्हते. ‘हौस’ हा शब्द मी स्वतःला पुष्कळ देऊन पाहिला; तो खोटा नाही, पण कापलेल्या पत्र्यासमोर तो फार लहान पडतो. इथल्या वाहन नोंदणी खात्याने बदललेल्या गाडीचा मूळपणा ठरवायला बरीच वर्षे गुणांची एक पद्धत वापरली. बॉडीला ५ गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, आणि इंजिनाला १. जुना नंबर टिकायला ८ गुण लागत, त्यातले ५ बॉडीचे. सरकारच्या त्या हिशेबात इंजिन हा गाडीचा सर्वांत कमी मोलाचा भाग होता. मी पहिल्यांदा तो तक्ता वाचला तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले होते. पण ॲबिंग्डनमध्ये गाड्या यांत्रिक पट्ट्यावरून जात नसत; माणसे त्या हातांनी ढकलत एका जागेवरून पुढच्या जागेवर नेत. ज्याने अशी गाडी तळहातांनी पुढे सरकवली आहे, त्याच्या हिशेबात एका इंजिनाचा किती गुण असेल? ते बॉनेट दोन्ही तळहातांनी कसे दाबले गेले, हे मी तेव्हापासून पुष्कळदा आठवले आहे.

जुने इंजिन मी विकलेले नाही. गॅरेजच्या कोपऱ्यात ते स्टँडवर बसवलेले आहे, वर जुनी चादर. सिलिंडरांत अधूनमधून थोडे ऑइल सोडतो आणि महिन्यातून एकदा पुढच्या मोठ्या नटाला पाना लावून ते हाताने फिरवतो, म्हणजे रिंगा धरत नाहीत. प्लग लावलेले असले की प्रत्येक सिलिंडर दाबाला येताना पाना हाताला अडतो, मग फुस्स करून सैल होतो. दोन फेऱ्यांत चार वेळा.

मेळ्यानंतरच्या रविवारी मामाला फोन केला. मामा आता अठ्ठ्याहत्तरचा आहे; गुडघे गेले, कान मात्र शाबूत. मी त्याला फोनवर व्ही-८ चालू करून दाखवले. त्याने कौतुकाने ऐकले, म्हणाला, “झकास. वाघ हाय.” मग थोडा थांबून म्हणाला, “आनि जुनं कुठाय? त्ये दावकी.” मी चादर काढली, फोन इंजिनाच्या डोक्यावर ठेवला आणि पाना फिरवू लागलो. पलीकडे तो काहीच बोलत नव्हता. मामीला टीव्ही बंद करायला सांगितलेले मात्र ऐकू आले. मी दोन फेरे पूर्ण केले. “परत,” तो म्हणाला. पुन्हा फिरवले. आता तो पान्याबरोबर मोजू लागला, त्याच क्रमाने, ज्या क्रमाने त्याच्या अँबॅसडरचे सिलिंडर पेटत असत आणि याचेही पेटतात: “एक... तीन... चार... दोन.” आणि मग, “तीनला वारं गळतंय रं. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बसंना. टॅपेट बघ त्याचं.”

मी रॉकर कव्हर काढले. चार बोटांएवढ्या त्या जागेतून जुन्या ऑइलचा वास वर आला, मामाच्या खाकी शर्टाचा वास. तिसऱ्याचा एक्झॉस्ट म्हणजे पुढून पाचवा व्हॉल्व्ह. तो सेट करायचा तर चौथा पूर्ण दाबला गेला पाहिजे, दोघांची बेरीज नऊ. हे मला मामानेच शिकवले होते, तेव्हा मला बेरजा नुकत्याच येऊ लागल्या होत्या. चौथा खाली जाईपर्यंत पाना फिरवला आणि फट मोजायच्या फीलर गेजचे १५ थाऊचे (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पाते पाचव्यावर लावून पाहिले. ते गेले नाही. १२ चेही गेले नाही. शिसे नसलेल्या पेट्रोलवर वर्षानुवर्षे चालून व्हॉल्व्हची बैठक खोल गेली असणार, आणि गाडीत असतानाच ती गेली असणार. मला कधी ऐकू आले नव्हते.

“किती हाय?” मामाने विचारले.

“दहाचं अडकत जातंय.”

“मग सोड थोडं,” तो म्हणाला. “सावकाश. स्क्रू धरून ठेव, नायतर नट आवळताना फिरतंय.”

मी डाव्या हाताने स्क्रू धरला आणि उजव्या हाताने नट सैल केला.